एकुलता एक प्रेक्षक

"जरा बस गं त्या खुर्चीत. दोनच मिनिटं."

दोन मिनिटं म्हणून बसलेलं माणूस कुठे जाऊन पोचेल याचा काही नेम नसतो. ती मात्र खरंच दोन मिनिटांच्या बोलीवर बसली. हातात कागदांचा गठ्ठा, कानामागे पेन्सिल, पोटात भूक. संहिता विभागातून जेवणघराकडे जायला स्टुडिओतून जवळ पडतं, म्हणून ती आत शिरली काय आणि शिडीवर चढलेल्या लाइटकाकांनी तिला वरूनच हेरलं काय!

"बातम्या देणाऱ्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्यात," लाइटकाका म्हणाले. "मी दिवे कुणाच्या तोंडावर मारू? माझ्या? आणि तो कोट चढव आधी."

खिळ्यावर एक राखाडी कोट लटकत होता. दिवे आणि कॅमेरे जुळवताना खुर्चीतल्या माणसाने राखाडीच घालायचं, असा स्टुडिओचा नियम. रंगीत कपडा असला की मापं चुकतात म्हणे. कोट धुऊन धुऊन विटलेला होता आणि त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. तिने बाह्या दुमडल्या, खुर्चीत टेकली आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या. टेबलाच्या कडेला एक लाल फोन होता. तो वाजला.

"हॅलो?"

"खुर्चीत कोण आहे?" पुरुषाचा आवाज. त्याच्यामागे जोराचा वारा.

"मी... म्हणजे बदली. बाईंच्या जागी."

"बदलीबाई, तुमच्या डाव्या कानामागे पेन्सिल आहे."

तिने झटकन पेन्सिल काढली आणि आजूबाजूला पाहिलं. "तुम्ही बघताय कुठून?"

"टेकडीवरून. मान वर केली की मनोरा दिसतो ना, त्याच्या पायथ्याशी एक खोली आहे. तुम्ही तिथे जे काही कराल ते आधी माझ्याकडे येतं, मग सगळ्या मुलखात जातं."

"सगळ्या मुलखात?" ती ताठ बसली. एक बट मागे सारली.

"जाईल! एक्केचाळीस दिवसांनी. मनोऱ्याला अजून तार जोडलेली नाही. सध्या या वाहिनीला एकच प्रेक्षक आहे."

"कोण?"

"बोलतोय."

तिला हसू फुटलं. लाइटकाका शिडीवरून ओरडले, "हलू नको!"

"पुन्हा हसा," फोन म्हणाला, आणि मग घाईघाईने, "म्हणजे... आवाजाची पातळी घ्यायचीय."

तर असं ते सुरू झालं. त्या दिवशी ती उपाशीच राहिली, आणि ते तिच्या लक्षात आलं थेट पाच वाजता.

त्या दिवसांत त्या इमारतीत तशी कुणालाच भूक लागत नव्हती. इतकी वर्षं राजधानीच्या वाहिनीवर आपल्या भाषेला आठवड्यातून अर्धा तास मिळायचा, तोही शेतीच्या कार्यक्रमानंतर आणि खेळांच्या आधी, उसन्या खुर्चीवर बसल्यासारखा. आता अख्खी वाहिनी आपली होती. सार्वजनिक, म्हणजे कुणा शेठजींची नाही, लोकांची. भिंतींचा रंग ओला होता, दारांना कड्या नव्हत्या, लोक व्हरांड्यातून चालत नव्हते, धावत होते. जिन्यापाशी एक फळा होता. त्यावर रोज सकाळी कुणीतरी आकडा पुसून नवा लिहायचं: उरले ४०, उरले ३९. तो आकडा वाचून कुणी धास्तावायचं, कुणाच्या अंगात वारं शिरायचं. तिचं दोन्ही व्हायचं.

बाईंचा दात बरा झाला. पण दिवे जुळेपर्यंत उकाड्यात बसायची त्यांना हौस नव्हती. त्यामुळे रोज दोन वाजता पंधरा मिनिटं खुर्चीत बदलीच बसायची. तिला सगळे आता बदलीच म्हणू लागले. बसल्या बसल्या काहीतरी वाचावं लागायचं. खऱ्या बातम्या अजून येत नव्हत्या, मग ती आदल्या दिवशी घरून लिहूनच आणायची.

"नमस्कार. ठळक बातम्या. स्टुडिओतल्या पंख्याने आज तिसऱ्या दिवशीही काम करायला नकार दिला. लाइटकाकांचा हरवलेला चष्मा लाइटकाकांच्याच डोक्यावर सापडला. आणि टेकडीवर वाऱ्याचा जोर कायम असून, डबा उडून जाऊ नये म्हणून एका प्रेक्षकाने तो मांडीत धरून जेवण केल्याचं वृत्त आहे."

फोन वाजला. "शेवटची बातमी साफ खोटी आहे. डबा मांडीत नव्हता. तोवर पोटात गेला होता."

"दुरुस्तीबद्दल आभारी आहोत. काय होतं डब्यात?"

"सरकारी गुपित आहे... चित्र छान आहे आज. नाकाच्या डाव्या बाजूला जरा सावली पडतेय."

"नाक माझं आहे. सावलीचं काकांना सांगा."

दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "आज रंग कोणता?"

"कशाचा?"

"तुमच्या कपड्यांचा हो. माझा रंगीत पडदा अजून यायचाय. आहे तो काळापांढरा. रंग मोजायचं एक यंत्र दिलंय, पण त्यात नुसता एक हिरवा ठिपका दिसतो. माणसाने ठिपक्याकडे किती बघायचं? तुम्हीच सांगा."

तिने खाली कोटाकडे पाहिलं. इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याला 'राखाडी' सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"मोरपंखी," ती म्हणाली.

"वा!" तो म्हणाला. नुसतं 'वा', पण असं, की तिला कोटातल्या कोटात मोरपंखी झाल्यासारखं वाटलं.

मग काय, एकदा थाप मारली की दुसरी मारायला हात कचरत नाही. लिंबू झाला, डाळिंबी झाला, अबोली झाला, चिंतामणी झाला. तिच्या कपाटात मोजून पाच कपडे होते, टेकडीवर मात्र ती रोज नवा रंग नेसून जायची. रात्री झोपताना उद्याचा रंग ठरवायचा, आणि ठरला की गालातल्या गालात हसत कूस बदलायची.

तो सांगायचा, सकाळी ढग खिडकीतून सरळ आत येतात आणि विचारून जात नाहीत. खाली गावातले दिवे लागले की तो ओळखण्याचा खेळ खेळतो, ही शाळा, ही गिरणी, आणि तो निळसर दिवा बहुतेक तुमचा स्टुडिओ. तिने सांगितलं, तिचे वडील चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करायचे. आता दुकान बंद आहे, पण वाहिनी येणार म्हणून त्यांनी टीव्ही घेतलाय आणि त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी अजून काढलेली नाही. "पहिला शब्द आपल्याच भाषेतला ऐकवायचा म्हणतात त्याला," ती म्हणाली. "तोवर कानावर दुसरं काही पडू देणार नाहीत."

वारा घोंघावत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "मग आवाज चोख पोचला पाहिजे. ते माझ्याकडे लागलं."

फळ्यावर 'उरले १६' होतं त्या दिवशी पंधरा मिनिटं संपली, तिने कोटाचं पहिलं बटण काढलं आणि फोन वाजला.

"थांबा. आवाजात किंचित... गुणगुण येतेय. जरा बोलत राहा."

ती बोलत राहिली. अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गुणगुण. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिने कानाला हेडफोन लावून ऐकलं. आता ही पोरगी पाढ्यांच्या आधी रेडिओचे आजार शिकलेली. खरखर म्हणजे काय, घरघर म्हणजे काय, आणि तारेची जमिनीशी जोडणी बिघडली की येते ती सलग, जाड, मधमाशीसारखी गुणगुण म्हणजे काय, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या हेडफोनमध्ये यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

तिने विचार केला. एक तर या माणसाचे कान खराब असतील, नाहीतर मन चांगलं असेल. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आजही आहे हो थोडी," तेव्हा त्याच्या आवाजात इतकं ओशाळं हसू होतं की तिची खात्री पटली.

"हो का?" ती गंभीरपणे म्हणाली. "मग बोलावंच लागेल."

आणि हाती आलेली बातमी गिळून ती दुसरंच काहीतरी सांगत बसली. गिळली ती बातमी एवढीच होती: मला माहीत आहे, आणि मला आवडतंय.

घोडं पेंड खातं ते पुढेच. टेकडीवरच्या माणसाने फोनवर जे सांगितलं ते वहीत लिहायचं, असा नियम. विनाकारण अर्धा तास लाइन अडवून ठेवता येत नाही; कारण लिहावं लागतं. त्याने आपलं इमानदारीत लिहिलं: गुणगुण, गुणगुण, गुणगुण. आणि पंधरवड्यातून एकदा त्या पानांची प्रत मुख्य अभियंत्यांकडे जाते, हे तो प्रेमाच्या भरात साफ विसरला.

मुख्य अभियंत्यांना सगळे फ्यूजसाहेब म्हणायचे, कारण ते पटकन उडायचे. 'उरले ७' च्या सकाळी त्यांनी ती पानं वाचली आणि त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला.

"सलग नऊ दिवस गुणगुण! आणि मला आज कळतंय!"

मग सुरू झाली शोधाशोध. फरशा उचकटल्या गेल्या. तारांची भेंडोळी बाहेर आली. साठीला टेकलेले फ्यूजसाहेब गुडघ्यांवर टेबलाखाली रांगू लागले. खुर्चीतल्या बदलीचं घड्याळ काढून ठेवायला लावलं, केसांतल्या पिना काढून घेतल्या. लाल फोन आता साहेबांच्याच हातात असायचा.

"आता येतेय का गुणगुण?" साहेब टेबलाखालून ओरडायचे.

"आज... नाही वाटत, साहेब."

"नाही वाटत म्हणजे? काल होती, आज नाही? लपून बसणारा बिघाड सगळ्यात वाईट!" आणि साहेब आणखी खोल शिरायचे.

टेकडीवरच्या बिचाऱ्याला इकडे आड, तिकडे विहीर. आणि ती खुर्चीत बसून साहेबांच्या धुळीने माखलेल्या टाचांकडे बघत राहायची.

'उरले ४' ला संध्याकाळी साहेब जिन्यापाशी आले. सगळे जमले होते. "बिघाड सापडेपर्यंत उद्घाटन नाही," ते म्हणाले. "उद्या वर पत्र पाठवतो. पंधरा दिवस पुढे." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी फळ्यावरचा चार पुसला. त्या जागी काहीच लिहिलं नाही. लाइटकाका शिडी खांद्यावर घेऊन निघून गेले. महिनाभर धावणारी ती माणसं पहिल्यांदाच चालत घरी गेली.

घरी बाबा टीव्हीवरच्या पिशवीवरची धूळ पुसत होते.

"बाबा, एक विचारू? गुणगुण एकाच माणसाला ऐकू येते आणि बाकी कुणालाच येत नाही, असं होतं का?"

"होतं की," बाबा म्हणाले. "वय काय त्याचं?"

"बाबा!"

"अगं, तुझ्या आईचा रेडिओ मी तीनदा दुरुस्त केलाय. बिघाड फक्त पहिल्या वेळी होता."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आई ऐकत होती.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय! तिसऱ्या खेपेला तुझ्या मामाने वैतागून नवाच रेडिओ आणायचं ठरवलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरळ गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं." बाबांनी फडकं झटकलं. "खोटा बिघाड वेळेवर मागे घ्यावा, पोरी. नाहीतर गिऱ्हाईकच जातं."

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती साहेबांच्या खोलीत उभी होती. पत्र टेबलावर तयार होतं, सही तेवढी बाकी.

"साहेब, गुणगुण नाहीये. पहिल्या दिवसापासून नव्हती. मला ओळखू येते. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते काही बोलणार तोच त्यांच्या टेबलावरचा टेकडीचा फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"एक इथे उभी राहून सांगतेय, दुसरा तिथून सांगतोय! ठरवून आलात काय रे?"

"नाही!" ती म्हणाली. "नाही!" फोनमधूनही ऐकू आलं, अगदी त्याच क्षणी.

"म्हणजे तुमच्या गुलुगुलु गप्पांसाठी मी या वयात चार दिवस टेबलाखाली रांगलो?"

"साहेब, त्यांना काही बोलू नका," तो इतक्या जोरात बोलत होता की तिला शब्दन् शब्द कळत होता. "वही माझी, सही माझी. यापुढे त्या वहीत खोटं एक अक्षर लिहिणार नाही. शब्द देतो."

साहेबांनी पत्र टराटरा फाडलं. मग निकाल दिला. लाल फोन स्टुडिओतून उचलून नियंत्रण कक्षात, साहेबांच्या हाताशी. टेकडीवाल्याने उद्घाटन होईपर्यंत टेकडीवरून खाली पाऊल टाकायचं नाही. आणि बदलीने पाहुण्यांच्या दालनात चहापाणी बघायचं, स्टुडिओच्या आसपास फिरकायचं नाही. ती बाहेर आली तेव्हा कुणीतरी फळ्यावर मोठ्ठा तीन लिहीत होतं. तिला रडूही येत होतं आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या. तिने टाळ्या वाजवल्या.

तीन दिवस तिने कप मोजले, खुर्च्या मोजल्या, आणि दोन वाजले की खिडकीतून मनोऱ्याकडे बघितलं. आज रंग कोणता, असं कुणी विचारलं नाही. एवढ्याशा प्रश्नाची इतकी सवय लागावी याचा तिला रागच आला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाचा मुहूर्त. दालनात दोनशे पाहुणे, आणि समोरच्या भिंतीवर वाहिनीचं भलंमोठं बोधचिन्ह, शेकडो छोट्या दिव्यांचं. साडेपाचला सजावटवाल्याने ते पेटवून बघितलं. सगळं दालन उजळलं, पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आणि पाचच मिनिटांत फ्यूजसाहेब लालबुंद होऊन नियंत्रण कक्षातून बाहेर आले. समोर तीच दिसली.

"म्हणतो, गुणगुण येतेय! आजही! आमच्याकडे सगळं साफ आहे, कुण्णालाही काही ऐकू येत नाही, फक्त या महाशयांना येते. मी फोनच ठेवून दिला!"

तिच्या मनात पहिल्यांदा आलेला विचार, खरं सांगायचं तर, आनंदाचा होता — मला बोलावतोय! दुसऱ्या क्षणी ती भानावर आली. इतका मूर्ख तो नव्हता. त्याने शब्द दिला होता. आणि तो खरं बोलत असेल, तर पंचवीस मिनिटांनी सगळ्या मुलखाच्या घराघरांत आपल्या भाषेचा पहिला शब्द गुणगुणत शिरणार होता. बाबांच्या पिशवी काढलेल्या टीव्हीतसुद्धा.

"साहेब, एक मिनिट मला बोलू द्या त्यांच्याशी."

"अजिबात नाही!"

"साहेब, मागच्या वेळी खोटं आहे हे मीच तुम्हाला सांगितलं होतं ना? मग आज खरं असलं तर तेही मीच सांगेन."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "अर्धं मिनिट."

नियंत्रण कक्षात तिने लाल फोन उचलला. पलीकडे वारा. तीन दिवसांनी तो ऐकून तिला उगाचच भरून आलं.

"हॅलो. मी."

"...बदलीबाई?"

"खरी की खोटी?"

"खरी. आई शप्पथ खरी. माझं ऐकू नका, हे ऐका," आणि त्याने फोन तिथल्या स्पीकरला लावला.

सलग, जाड, मधमाशीसारखी. तिने ती लगेच ओळखली.

"कधीपासून?"

"पाच एकतीस. वहीत लिहिलंय."

"त्या वहीचं नाव काढू नका!" मागून साहेब.

"साहेब, इथे ऐकू येणार नाही, ती टेकडीकडे जाणाऱ्या तारेत शिरतेय," ती भराभरा म्हणाली. "पाच एकतीस... साडेपाचला काय झालं?" आणि ती वळली. काचेपलीकडे, दालनाच्या भिंतीवर, शेकडो दिवे झगमगत होते.

ती धावली. बोधचिन्हाच्या मागून एक वायर निघाली होती, पडद्याखालून, दाराखालून, व्हरांड्यातून, थेट लाल सॉकेटपर्यंत. लाल सॉकेट फक्त यंत्रांसाठी. तिथे साधी इस्त्रीसुद्धा लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं.

"इथे कुणी लावलं हे?"

"साहेबच म्हणाले," सजावटवाला गांगरला. "दिसेल तिथून वीज घे, पण मला त्रास देऊ नको, असं."

मागून धापा टाकत आलेले साहेब एकाएकी छताकडे बघू लागले. तिने वायर ओढली. बोधचिन्ह विझलं. दोनशे पाहुण्यांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. नियंत्रण कक्षातून कुणीतरी ओरडलं, "टेकडी म्हणतेय, गेली! साफ गेली!"

चहाचं यंत्र बंद करून त्याच्या साध्या सॉकेटवर बोधचिन्ह जोडलं, तेव्हा सहाला आठ मिनिटं होती. पाहुण्यांना चहा मिळाला नाही. भिंत मात्र उजळली, आणि टेकडीकडून एकच शब्द आला: "चोख."

सहा वाजता बाई पडद्यावर आल्या. सुंदर दिसत होत्या. पहिली दोन वाक्यं बदलीने लिहिलेली होती. दुसरं खोडावं असं समितीचं मत होतं, पण बाईंनी ते धीटपणे तसंच ठेवलं. त्या म्हणाल्या, "नमस्कार. आजपासून तुमच्या घरात तुमची स्वतःची भाषा राहायला येत आहे. थोडं सरकून बसा."

दालनात आधी हशा झाला, मग टाळ्या, मग बरेच जण रुमाल शोधू लागले. लाइटकाका उघड उघड रडत होते. ती दाराशी रिकाम्या कपांचा ट्रे धरून उभी होती, आणि आवाज इतका स्वच्छ होता की मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. तो ज्याने पोचवला तो एकटाच वर बसलेला होता, हे तिला राहून राहून आठवत होतं.

घरी गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मी खरंच सरकून बसलो गं."

तिसऱ्या दिवशी फ्यूजसाहेबांनी तिला बोलावलं. "टेकडीवरची चाचणीची वही दप्तरी जमा करायचीय. जीप उभी आहे. जा, घेऊन या." मग कागदात डोकं घालून, "आणि तिथे काही गुणगुण ऐकू आली, तर मला कळवायची गरज नाही."

जीपमध्ये बसताना लाइटकाकांनी तो राखाडी कोट तिच्या अंगावर फेकला. "वर वारा असतो. घाल."

चढावर खरोखरच वारा झोंबायला लागला, म्हणून तिने कोट घातला. आणि मनोऱ्याखाली उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने काय करून ठेवलंय! महिनाभर मोरपंखी, डाळिंबी, अबोली... आणि पहिल्या भेटीला हा विटका राखाडी! ती कोट काढायला गेली, तर बटण अडकलं. तेवढ्यात दार उघडलं.

तिने त्याला उंच, गंभीर, दाट भुवयांचा असा कल्पला होता. दारात उभा होता एक मध्यम उंचीचा, वाऱ्याने केस उभे राहिलेला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेला माणूस. हसला, आणि ओशाळं हसू नेमकं तेच निघालं. तिला वाटलं, बरं झालं, उंच नाहीये. मान दुखली असती.

"नमस्कार," तो म्हणाला, आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना म्हणून सवयीने विचारून बसला, "आज... रंग कोणता?"

"दिसतोय की," ती कोटाच्या बटणाशी झटत म्हणाली. "राखाडी. आणि आता सगळंच सांगते. रोज हाच होता. खुर्चीत दुसरा रंग चालतच नाही. मी रोज थापा मारल्या तुम्हाला. मोरपंखीपासून सगळ्या."

तो आत गेला, वही आणली आणि उलटी करून शेवटच्या पानापासून उघडून तिच्या हातात दिली. ही पानं साहेबांकडे गेली नव्हती. बारीक, सरळ अक्षर.

'यंत्र: रंग शून्य. बदलीबाई म्हणतात: मोरपंखी. मान्य.'

'यंत्र: रंग शून्य. म्हणतात: लिंबू. मान्य.'

'यंत्र: रंग शून्य. म्हणतात: चिंतामणी. (हा कसा असतो ते विचारणे.) मान्य.'

पानामागून पान.

"रंग मोजायचं यंत्र आहे म्हणालो होतो ना," तो पुटपुटला. "रंग असला की त्यातला ठिपका मधून सरकतो. तो एक दिवसही हलला नाही."

"म्हणजे... तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"आणि तुम्हाला गुणगुणीचं?"

"चौथ्या दिवसापासून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जे हसत सुटले ते हसतच राहिले. खाली जीपच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर बघितलं. हसू ओसरलं तेव्हा एक ढग खिडकीतून आत येऊन न विचारता दोघांच्या मध्ये उभा होता.

"आजची नोंद राहिलीय," तो म्हणाला. त्याने वही घेतली, भिंतीला टेकवून लिहिलं. लिहिताना कान लाल झालेले तिला दिसत होते. मग वही पुढे केली.

'यंत्र: बंद. म्हणतात: राखाडी. मला दिसतो: मोरपंखी. मला या बाई फार आवडतात. रोज दोन वाजता, आणि बाकीच्या वेळीही. खोटं एक अक्षर नाही.'

शेवटची जागा कोरी होती.

तिने कानामागून पेन्सिल काढली. वाऱ्याने पान फडफडत होतं, त्याने ते एका कडेने धरलं, तिने दुसऱ्या. आणि त्या कोऱ्या जागेत, बाईंसाठी लिहिलेल्या पहिल्या वाक्यापेक्षाही जपून, तिने लिहिलं: 'मान्य.'